मुलाची बाजू कोण मांडणार?

‘बाल कल्याण समिती असताना मुलांसाठी स्वयंसेवक कशाला?’ असे आपल्या अंकात छापलेल्या एका पत्राचे लेखक विचारतात. २०१५च्या बाल न्याय कायद्याने अध्यक्ष व चार सदस्यांच्या या समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार दिले आहेत, हे खरेच. पण निवाडा करणाऱ्यानेच मुलाची बाजूही कशी मांडावी? आणि समितीला सामाजिक तपासणी अहवाल देणारे कर्मचारी तर बदलत राहतात.

अमेरिकेत सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी १९७७ साली मुलाची बाजू मांडण्याच्या कामासाठीच प्रशिक्षित स्वयंसेवक नेमले. आपल्याकडे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या ‘पोक्सो’ कायद्याच्या २०२०च्या नियमांत पीडित बालकासाठी साहाय्यक व्यक्तीची तरतूद आहे, विधी सेवा यंत्रणेकडे विधी स्वयंसेवकही आहेत. बाल न्याय कायद्याच्या कलम ४४खाली दुसऱ्या कुटुंबात ठेवलेल्या मुलांनाही असा माणूस मिळावा.

गोपनीयतेची लेखकांची शंका रास्त आहे. त्यासाठी पोलीस पडताळणी, लेखी हमी आणि समितीची देखरेख हवी. पण बपेऱ्यासारख्या मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या गावातून समितीपुढे भंडाऱ्याला जायचे म्हणजे नातेवाइकांची दिवसाची मजुरी बुडते. तेव्हा मुलाला ओळखणारे कोणी तिथे हजर असायला नको का? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने असे स्वयंसेवक नेमण्याची सुरुवात तुमसर तालुक्यापासून करावी.

– एक वाचक, बपेरा (ता. तुमसर, जि. भंडारा)