प्रदक्षिणेचा मुहूर्त सागराचा

श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वराला दक्षिण काशी म्हणतात. काशीला गंगा आहे. येथे सावित्री नदी सागराला मिळते आणि डोंगर थेट लाटांत उतरतो. काळभैरवाचे दर्शन घेऊन पायऱ्यांनी डोंगरावर चढावे, दोन कड्यांमधल्या अरुंद फटीतून पुन्हा पायऱ्यांनीच खाली उतरावे आणि लाटांनी झिजविलेल्या काळ्या कातळावरून डोंगराला वळसा घालून मंदिराशी परतावे, अशी ही प्रदक्षिणा. खाऱ्या वाऱ्यापाण्याने कड्यांवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी कोरली आहे. कोकणच्या किनाऱ्यावर याहून देखणी डोंगरवाट क्वचितच असेल. मात्र ही वाट अर्धा दिवस सागराच्या मालकीची असते.

काही वर्षांपूर्वी एका पौर्णिमेला आम्ही सकाळी साडेअकराला तेथे पोहोचलो. मंदिराजवळ बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी हटकले, "भाऊ, आज तिथी कोणती?" पौर्णिमा, असे सांगताच ते म्हणाले, "पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आता समुद्र भरलेला आहे. संध्याकाळी पाचला या."

किनाऱ्यावरच्या पिढ्यांचा हा हिशेब आहे. शुक्ल असो वा कृष्ण, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणून माध्यान्ही वाट मोकळी. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा येतो आणि भरतीही तशीच सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. म्हणजे पर्वणी साधून दुपारच्या आधी येणाऱ्या भाविकाची गाठ सर्वांत मोठ्या भरतीशी पडते. महाशिवरात्रीलाही भरती साडेदहाच्या आसपासच येते. ज्या पंचांगावरून आपण उपवास ठरवितो, त्याच पंचांगात ही धोक्याची सूचना असते, हे मात्र आपल्या गावीही नसते.

या कातळावरून माणसे लाटेबरोबर ओढली गेली की दोष उनाड पर्यटकांना देऊन आपण मोकळे होतो. तो पुरता खरा नाही. शेवाळलेल्या खडकाच्या कडेला छायाचित्रासाठी उभा राहणारा तरुण आणि 'एवढ्या लांब आलोच आहोत तर पुण्य पदरात पाडून घेऊ' म्हणणारा भाविक, दोघांचीही घाई एकच. पायऱ्यांशी थांबून परत फिरण्यात कमीपणा कसला? देव काही कोठे जात नाही.

यावर उपाय म्हणून काँक्रीटचा कठडा सुचविणारे पुष्कळ भेटतात. खवळलेल्या सागरापुढे तो किती पावसाळे टिकेल, हा प्रश्न आहेच. शिवाय सर्व शोभा जाईल ती वेगळीच. भरतीच्या वेळी जाऊ नये, एवढे सांगूनही भागत नाही. भरती किती वाजता, हे मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला कोण सांगणार? पायऱ्या सुरू होतात तेथे रोज खडूने तीन ओळी लिहाव्यात: आजची तिथी, भरतीची वेळ, वाट कधीपासून कधीपर्यंत मोकळी. तिथीचा हिशेब अंदाजाचा असल्याने वेळ भरती-ओहोटीच्या अधिकृत तक्त्यावरून घ्यावी. शेजारी गावातला एक माणूस असावा आणि त्याच्या नकाराला पोलिसांचे पाठबळ असावे. पावसाळ्यात लाटा ओहोटीलाही कातळावर चढतात. ते चार महिने वाट बंदच ठेवावी आणि डोंगरालाच हात जोडावेत.

आम्ही त्या दिवशी पाचला पुन्हा गेलो. सकाळी जेथे लाटा फुटत होत्या, तेथे खळग्यांतल्या पाण्यात खेकडे फिरत होते.