आधी 'जैसे थे' लिहा, मग हात लावा



संगणक कक्षातील यंत्रे फार हळू चालतात, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक पालक सभेत येते. तिच्यावर इलाजही सुचवला जातो की, "सर, नको त्या सर्व्हिसेस बंद करून टाका, मशीन पळू लागेल." इलाज अगदीच चुकीचा नाही. पण त्याआधी करायचे एक काम बहुतेक जण सोडून देतात. त्या कामाविषयी आज लिहितो आहे.

विंडोज सुरू झाली की पडद्यावर न दिसणारी पुष्कळ कामे मागे चालू असतात. छपाईची रांग सांभाळणारी प्रिंट स्पूलर, नेटवर्कवर यंत्राला पत्ता मिळवून देणारी डीएचसीपी क्लायंट, आवाजासाठी विंडोज ऑडिओ, अशी ही मंडळी. यांनाच सर्व्हिसेस म्हणतात. प्रत्येकीच्या बाबतीत दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात. पहिली, ती या क्षणी चालू आहे की बंद. दुसरी, तिचा स्टार्टअप टाइप काय आहे: ऑटोमॅटिक, मॅन्युअल की डिसेबल्ड. ऑटोमॅटिक सर्व्हिस नुसती थांबवली, तर यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ती परत येते. डिसेबल्ड केली, तर दुसऱ्या सर्व्हिसने बोलावले तरी उठत नाही. शिवाय त्या एकमेकींवर अवलंबून असतात. विंडोज ऑडिओ तशीच ठेवून ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर बंद केली, तरी आवाज जातोच.

गेल्या वर्षी परीक्षेच्या दिवसांत आपल्या कक्षातील प्रिंटर जोडलेल्या यंत्रावरून छपाई बंद झाली. बाहेरून आलेल्या एका तंत्रज्ञाने वेग वाढवण्यासाठी बऱ्याच सर्व्हिसेस डिसेबल्ड केल्या होत्या. कोणत्या केल्या आणि आधी त्या कशा होत्या, हे कुठेच लिहिलेले नव्हते. शेवटी यंत्र फॉरमॅट झाले आणि त्याबरोबर अकरावीच्या काही मुलांचे प्रकल्पही गेले. एका सर्व्हिसची नोंद असती, तर ते दोन मिनिटांचे काम होते.

माझे महाविद्यालयीन शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत ज्याला 'यथास्थिति' म्हणतात, त्याला मराठीत 'जैसे थे' हा फार गोड शब्द आहे. आपल्या घरांत भांड्यांवर नावे घालण्याची पद्धत होती. लग्नकार्यात दहा घरची पातेली एकत्र आली, तरी कार्य उरकल्यावर प्रत्येक पातेले आपापल्या घरी जाई, कारण नाव आधीच कोरलेले असे. संगणकालाही हाच नियम लावावा, असे माझे मत आहे.

कृती अवघड नाही. सर्व्हिसेसच्या खिडकीत अ‍ॅक्शन या मेनूत एक्सपोर्ट लिस्ट असते. तिने सर्व सर्व्हिसेसची नावे, स्थिती आणि स्टार्टअप टाइप यांची यादी फाइलमध्ये उतरते. ती फाइल पेन ड्राइव्हवर ठेवावी, म्हणजे यंत्र बिघडले तरी यादी हाती राहते. मग सिस्टम रिस्टोरचा एक बिंदू तयार करावा. ही सोय विंडोजमध्ये २००० साली मिलेनियम आवृत्तीपासून आली. मात्र अनेक यंत्रांवर ती बंद असते, म्हणून आधी तपासावे. त्यानंतर एका वेळी एकच सर्व्हिस बदलावी, यंत्र पुन्हा सुरू करावे आणि छपाई, नेट, आवाज पाहावा. काही अडले, तर यादी पाहून तेवढी एकच सर्व्हिस पूर्ववत करावी. रिस्टोर हा शेवटचा उपाय, कारण त्या बिंदूनंतर टाकलेले प्रोग्राम त्यात निघून जातात. मुलांनी लिहिलेली आणि नंतर पुसली गेलेली कागदपत्रेही तो परत आणत नाही. त्यांची प्रत वेगळीच ठेवावी लागते.

काही पालक म्हणतात, प्रत्येक वेळी सुरू करताना यंत्र मूळ स्थितीत आणणारे डीप फ्रीझसारखे सॉफ्टवेअर विकत घ्या, म्हणजे कटकट मिटेल. त्या म्हणण्यात तथ्य आहे. मोठ्या कक्षांत त्याचा चांगला उपयोग होतो. पण ज्या स्थितीत यंत्र गोठवले, तीच स्थिती रोज परत येते. ती बिघडलेली असेल, तर बिघाडही रोज परत येईल. शिवाय गोठवलेल्या ड्राइव्हवर मुलांनी ठेवलेले काम यंत्र पुन्हा सुरू होताच नाहीसे होते. आणि मुले त्यातून काय शिकणार? मूळ स्थिती कोणती, हे आधी माणसालाच ठरवावे लागते.

म्हणून या सत्रापासून प्रत्येक यंत्राच्या नावाने वहीत एक पान असेल. तारीख, काय बदलले, आधी काय होते आणि कोणी बदलले, हे त्यावर लिहिले जाईल. ही वही नववी आणि अकरावीचे विद्यार्थी पाळीपाळीने सांभाळतील. बाहेरच्या तंत्रज्ञालाही पानावर सही केल्याशिवाय यंत्राला हात लावता येणार नाही. विश्वस्त मंडळींना माझी विनंती एवढीच, की मुलांच्या कामाच्या प्रतींसाठी एक बाह्य हार्ड डिस्क मंजूर करावी आणि संगणक शिक्षकांना या कामासाठी आठवड्यातून एक तासिका मोकळी द्यावी.

यंत्रे जुनी आहेत, ती आणखी काही वर्षे चालवायची आहेत. मुलांनो, वेग वाढवण्याची हौस जरूर ठेवा. पण बदल करणाऱ्याने परतीची वाट आधी लिहून ठेवायची, ही शिस्त तुम्हाला पुढे बँकेत, रुग्णालयात, कारखान्यात, कुठेही उपयोगी पडेल.

आपला,
प्राचार्य