मास्क वाटल्याने कर्तव्य संपत नाही

कारखान्याची तपासणी व्हायची असली म्हणजे पहिली हालचाल होते ती कोठारातल्या कपाटाची. एरवी कुलपात असलेले मास्क बाहेर येतात, हातोहात वाटले जातात, नोंदवहीत प्रत्येकाच्या नावापुढे सही किंवा अंगठा उमटतो, आणि पाहुणे फाटकाबाहेर पडले की तेच मास्क कोणाच्या हनुवटीखाली, कोणाच्या गळ्यात, तर कोणाच्या खिशात जातात. नोंदवही मात्र निर्दोष राहते. सगळेच कारखाने असे चालतात असे आम्ही म्हणत नाही. काही मालकांनी या बाबतीत मनापासून पैसा आणि लक्ष घातले आहे. परंतु कामगाराच्या श्वासाचे संरक्षण या गोष्टीचा अर्थ आपल्याकडे बहुतांशी वाटप एवढाच उरला आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती यांविषयीची 2020 ची संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे. तिच्या राज्यात तरी हा अर्थ बदलणार की नाही, असा आमचा सरळ प्रश्न आहे.

हा प्रश्न या मुंबई शहराने विचारावा हेच उचित. येथील कापडगिरण्यांच्या कापूस पिंजण्याच्या खात्यांत माणसांच्या कित्येक पिढ्या तोंडाला फडके बांधून उभ्या राहिल्या. रविवारच्या सुटीनंतर सोमवारी कामावर गेले की छाती आवळल्यासारखी होते, ही त्यांची तक्रार होती. कापसाच्या धुळीने जडणारा तो रोग म्हणजे बिसिनोसिस. कायद्याच्या परिशिष्टात त्याचे नाव छापलेले होते, पण गिरणगावातल्या चाळीत त्याला दमा म्हणत, नाहीतर विडीचा खोकला म्हणत. 1982 च्या संपानंतर गिरण्या मिटत गेल्या, त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, आणि त्या खोकल्याचा हिशेब कोणी मांडला नाही. धूळ मात्र नाहीशी झाली नाही. ती भिवंडीच्या मागांवर गेली, दगडखाणींच्या क्रशरवर गेली, कोल्हापूर-इचलकरंजीच्या फौंड्रीत होतीच, तेथे वाढली.

फौंड्रीचेच उदाहरण घेऊ. साचा वाळूचा, आणि वाळू म्हणजे मुख्यतः गारगोटी, शास्त्राच्या भाषेत सिलिका. साचा फोडताना, ओतीव भागाला चिकटलेली वाळू काढताना, ग्राइंडरवर त्याच्या कडा घासताना जी धूळ उडते तिच्यातील डोळ्यांना दिसणारे कण फारसे घातक नव्हेत. ते नाकाघशातच अडकतात. मारक असतात ते न दिसणारे, काही मायक्रॉन आकाराचे कण. ते फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात, भोवतीचा मऊ भाग कठीण होत जातो, आणि दहा-वीस वर्षांनी माणसाला जिना चढवेनासा होतो. हाच सिलिकोसिस. त्यावर औषध नाही. काम सोडल्यानंतरही तो वाढू शकतो. त्याच्या रुग्णाला क्षय सहज जडतो आणि छायाचित्रात दोन्ही रोग सारखे दिसतात. त्यामुळे क्षयाच्या गोळ्या खाऊनच मेलेली माणसे किती, हे सांगणे कठीण. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1997 साली ही धूळ कर्करोगकारक ठरविली, ती गोष्ट निराळीच.

आता मालक म्हणेल की, म्हणूनच तर आम्ही मास्क देतो. आमचा वाद येथूनच सुरू होतो. कोणता मास्क द्यायचा हे ठरविण्यापूर्वी हवेत धूळ किती आहे हे मोजावे लागते, आणि नेमकी तीच गोष्ट बहुसंख्य ठिकाणी होत नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमात भोपाळच्या 1984 च्या संहारानंतर, 1987 साली, घातक द्रव्यांच्या मर्यादा घालण्यात आल्या. सिलिकेसाठी त्यात एक साधे गणित होते : श्वासाबरोबर खोल जाणाऱ्या धुळीत क्वार्ट्झ शेकडा किती, त्यात दोन मिळवा, आणि त्या संख्येने दहाला भागा, येईल तितके मिलिग्रॅम धूळ एक घनमीटर हवेत चालेल. क्वार्ट्झ शेकडा 18 असेल तर मर्यादा अर्धा मिलिग्रॅम. निव्वळ क्वार्ट्झ असेल तर सुमारे एक दशांश मिलिग्रॅम. अमेरिकेने 2016 साली स्वतःची मर्यादा याहून निम्मी, म्हणजे 0.05 मिलिग्रॅम केली. आता असे समजा की एखाद्या ग्राइंडरपाशी मर्यादेच्या वीसपट धूळ आहे. नाकतोंड झाकणारा अर्धा मास्क चेहऱ्यावर नीट बसला तरी त्याने फार तर दहापट संरक्षण मिळते, असे अमेरिकेचे नियम धरून चालतात. म्हणजे मास्क उत्तम, बसला उत्तम, कामगाराने तो आठ तास काढला नाही, तरीही त्या माणसाच्या छातीत मर्यादेच्या दुप्पट धूळ जाणारच. मोजमापाशिवाय दिलेला मास्क म्हणजे नाडी न पाहता दिलेले औषध होय.

आणि तो बसतो तरी काय? करोनाच्या साथीत, 2020 आणि 2021 साली, आपण सर्वांनीच मास्क बांधले. चष्म्यावर धुके जमले की हवा वरच्या फटीतून निसटते आहे, एवढे ज्ञान त्या वेळी घरोघर झाले होते. जेथून हवा बाहेर जाते तेथूनच धूळ आत येते, आणि एका बोटाच्या जाडीची फट गाळणीचे सारे मोल घालविते. म्हणून अमेरिकेच्या नियमाप्रमाणे घट्ट बसणारा मास्क वापरायला देण्यापूर्वी, आणि पुढे दरवर्षी, तो त्या विशिष्ट चेहऱ्यावर बसतो की नाही याची चाचणी घ्यावी लागते. चाचणीही गमतीची. डोक्यावरून एक टोपडे घालतात आणि आत सॅकरीनचा फवारा मारतात. मास्क घालूनही जिभेला गोडी लागली की तो मास्क त्या माणसापुरता नापास. याला ना प्रयोगशाळा लागते, ना मोठा खर्च. दाढीवर कोणताही घट्ट मास्क बसत नाही. कोल्हापुरी मिशीचा पीळही कडेखाली आला तर आड येतो, हे सांगायला आम्हांस थोडा संकोच वाटतो. आपल्याकडे भारतीय मानक संस्थेचे आयएस 9473 हे मानक आहे, त्यानुसार बनविलेले मास्क बाजारात मिळतात. पण चेहरे हजार प्रकारचे आणि खरेदी एकाच मापाची. वायूंच्या बाबतीत तर अज्ञान अधिकच घातक. धुळीची गाळणी रंगाच्या वाफा अडवीत नाही; वाफांसाठी निराळी डबी लागते, ती ठरावीक काळाने बदलावी लागते; आणि टाकीत किंवा गटारात प्राणवायूच नसेल तर कोणतीही गाळणी काय गाळणार? तेथे बाहेरून हवाच पुरवावी लागते.

‘आम्ही देतो, तेच घालीत नाहीत,’ हे मालकवर्गाचे ठरलेले उत्तर. ते पूर्ण खोटे नाही. मास्क कामगारांना नकोसा होतो, ही गोष्ट आम्हीही पाहिली आहे. पण तो का नकोसा होतो? भट्टीच्या उष्म्यात त्याच्या आत घामाच्या धारा लागतात, श्वास ओढायला जोर लागतो, यंत्राच्या गोंगाटात शेजाऱ्याला हाक मारायची तर तो काढावाच लागतो, तंबाखू खाणाऱ्याची तर त्याहून पंचाईत. मजुरी नगावर असेल तर दर अर्ध्या तासाने दम खायला थांबणे त्याला परवडत नाही. हे सारे दोष कामगाराच्या स्वभावाचे नसून कामाच्या मांडणीचे आहेत. धूळ उडते ग्राइंडरवर आणि इलाज बांधायचा नाकावर, याला आपल्याकडे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात. 1948 चा जुना कायदासुद्धा धूळ उगमापाशीच ओढून घ्यावी असे सांगत होता. यंत्रालगत शोषणनलिका बसविणे, पाणी मारून कापणे, धुळीचे काम बंदिस्त खोलीत करणे, हे पहिले उपाय होत. मास्क हा शेवटचा. या क्रमात उलटापालट होते, कारण शोषणयंत्राला भांडवल लागते आणि मास्क ही किरकोळ खर्चाची बाब असते.

या उलटापालटीची किंमत कोण देतो? मध्य प्रदेशाच्या आदिवासी भागातून गुजरातेत गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेलेल्या मजुरांपैकी 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली गुजरात सरकारला दिला. न्याय झाला, पण ज्यांचा तो झाला ते तो घ्यायला हयात नव्हते.

नव्या संहितेकडे आम्ही केवळ संशयाने पाहत नाही. धूळ व वायू यांपासून मुक्त वातावरण ठेवण्याचे दायित्व तिने मालकावर टाकले आहे, सुरक्षेसाठी केलेल्या व्यवस्थेचे पैसे कामगारांकडून घेण्यास मनाई केली आहे, आणि सुरक्षेविषयीची माहिती मालकाकडून मागण्याचा हक्क कामगाराला दिला आहे. मात्र जुन्या केंद्रीय कायद्यात विजेवर चालणारा कारखाना 10 कामगारांपासून कारखाना ठरत असे, तो आता 20 पासून ठरतो. निरीक्षकही आता नुसता निरीक्षक राहिलेला नाही. तो मालकाला साहाय्य करणाराही झाला आहे. या दोन भूमिका एकाच खुर्चीत कशा मावतात ते यथावकाश दिसेलच. ज्या शेडमध्ये आठ-दहा माणसे ग्राइंडरवर वाकलेली असतात, ज्या क्रशरवर एक कुटुंबच राबत असते, तेथली धूळ मोठ्या कारखान्यापेक्षा कमी नसते, बहुधा अधिकच असते. संहितेतच याला एक वाट ठेवलेली आहे : काम धोक्याचे असेल तर एकच कामगार असलेल्या ठिकाणीही ती अधिसूचनेने लागू करता येते. हा अधिकार सिलिकेच्या धुळीसाठी वापरला जावा आणि त्यासाठी महाराष्ट्र शासनाने पुढाकार घ्यावा, ही आमची पहिली मागणी आहे.

तुम्हाआम्हांला यात काय, असे एखाद्या वाचकाला वाटेल. त्याने आपल्या स्वयंपाकघराचा ओटा एकदा पाहावा. हल्ली त्यावर कृत्रिम क्वार्ट्झची गुळगुळीत फरशी बसविण्याची आवड वाढली आहे. तिच्यात सिलिका शेकडा नव्वदपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक असते. ती कोरडी कापणाऱ्या तरुण कारागिरांत सिलिकोसिस झपाट्याने दिसू लागला, म्हणून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून तिच्यावर बंदी घातली. आपल्या इमारतीच्या जिन्यात ती कापली जाते तेव्हा आपण काय करतो? दार लावून घेतो. नाकाला रुमाल बांधलेला मुलगा बाहेर कापीत राहतो. पाणी मारून काप, एवढे सांगणे आणि त्यासाठी वाढणारा वेळ व मजुरी देणे हे घरमालकाच्या हाती आहे. कारखानदाराकडून आपण जे मागतो ते आपल्या दारात मागायला तरी अडचण नसावी.

दुसरी मागणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. कारखान्यात किती मास्क वाटले हा प्रश्न तपासणीच्या पत्रकात खुशाल राहू द्या; पण त्याच्या आधी तीन प्रश्न घाला. प्रत्येक यंत्रापाशी धूळ किती व ती कोणत्या तारखेला मोजली? ती उगमापाशी थांबविण्यासाठी काय केले? मास्क चेहऱ्यावर बसतो याची चाचणी कोणाकोणाची झाली? या प्रश्नांची उत्तरे मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत, कारखान्याच्या फाटकावर लावणे बंधनकारक करा. आपल्या यंत्रापाशी किती धूळ उडते हे कामगाराने आत जातानाच वाचले पाहिजे. जो कारखाना असे पत्रक आपण होऊन पहिल्याने लावील, त्याचे ते पत्रक आम्ही याच पानावर छापू.