100 मिलीलीटरचा नियम आणि इन्सुलिनची बाटली

परदेशी मुलाकडे निघालेले अनेक मधुमेही रुग्ण इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत टाकतात. कारण विचारले तर म्हणतात, 'द्रव पदार्थ सोबत नेऊ देत नाहीत ना!' विमानाच्या पोटातल्या सामानाला कडक थंडी लागू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही भरवशाचे राहत नाही. ते टाकूनच द्यावे लागते. बॅग हरवली तर ते आणखी वेगळे संकट. गंमत म्हणजे आपल्याकडची इन्सुलिनची बाटली 10 मिलीलीटरची, पेनातले कार्ट्रिज 3 मिलीलीटरचे. ज्या नियमाची धास्ती, त्यात ते सहज बसते!

नियम मात्र कुणाच्या लहरीतून आलेला नाही. 1994 मध्ये फिलिपिन्स एअरलाइन्सच्या विमानात द्रव स्फोटकाने एका जपानी प्रवाशाचा बळी घेतला. ते कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणाच्या बाटलीतून आत आले होते. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनमध्ये उघड झालेल्या कटात हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारित स्फोटके शीतपेयाच्या बाटल्यांतून विमानात न्यायची होती. आमच्या ड्रेसिंग रूममध्ये जखमा धुतात तेच हे रसायन, फक्त कितीतरी तीव्र. जुन्या एक्स-रे यंत्राला ते आणि पाणी यांतला फरक नीट कळत नाही. म्हणून द्रव ओळखण्याऐवजी बाटली मोजायची, असे ठरले.

आम्ही डॉक्टर अशा तपासणीला स्क्रीनिंग म्हणतो: स्वस्त, झटपट आणि ढोबळ. 200 मिलीलीटरच्या बाटलीत तळाशी चमचाभर खोकल्याचे औषध असले, तरी मोजली जाते ती बाटलीच. उलट मार्च 2020 मध्ये अमेरिकेने सॅनिटायझरची 355 मिलीलीटरपर्यंतची बाटली सोबत नेऊ दिली, आणि ते तर ज्वालाग्राही! मला तो निर्णय चुकीचा वाटला नाही. धोका तोलून सूट देता येते, एवढे त्यातून दिसले.

तशी सूट औषधांना आणि बाळाच्या दुधाला आहेच. प्रवासात लागणारे प्रमाण 100 मिलीलीटरपेक्षा जास्त असले तरी नेता येते. तपासणीआधी ते वेगळे काढून दाखवायचे, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवायची, औषधाचे मूळ नाव इंग्रजीत लिहिलेली. पण हे प्रवाशाला सांगतो कोण? फुली मारलेली बाटली फलकावर ठळक दिसते, सूट शोधावी लागते.

आता हातातल्या सामानासाठी सीटी स्कॅनर आले आहेत. तत्त्व आमच्या हॉस्पिटलातल्या सीटीचेच: अनेक कोनांतून घेतलेली चित्रे जोडून आतल्या वस्तूची घनता कळते. ब्रिटनमध्ये एडिंबरा आणि बर्मिंगहॅम विमानतळांनी 2025 मध्ये 2 लीटरपर्यंतच्या बाटल्यांना परवानगी दिली. युरोपीय संघाने मात्र सप्टेंबर 2024 मध्ये काही नव्या स्कॅनरवरही 100 मिलीलीटरची मर्यादा परत आणली. ते योग्यच, यंत्रावर विश्वास बसेपर्यंत घाई नको.

तेव्हा माझे मत असे: यंत्राला दिसत नाही तिथे नियम राहू द्यावा, दिसते तिथे काढावा. औषधांच्या सुटीचा फलक मात्र आजच लावता येईल, आणि मुंबई-पुण्याच्या विमानतळांवर तो मराठीतही, आजींना चष्मा न शोधता वाचता येईल एवढ्या अक्षरात, आणि बॅगा चेक-इनला देण्याच्या काउंटरजवळच असावा. सुरक्षा तपासणीच्या रांगेत वाचून उपयोग नाही, तोवर इन्सुलिन खाली गेलेले असते.