लेहची भेंडी आणि स्मिथचा हिशेब

स्कॉटलंडमध्ये काचेखाली आणि तापविलेल्या भिंतींच्या आधाराने द्राक्षे पिकतील, परंतु त्यांची दारू परदेशी दारूच्या सुमारे तीसपट खर्चात पडेल, असे ॲडम स्मिथने १७७६ मध्ये लिहिले. लडाखमधील भेंडीलाही हाच न्याय लावण्याचा मोह अर्थशास्त्राच्या अभ्यासकास होतो. तो आवरावयास हवा.

भेंडी उष्ण हवेची. जमीन गार असेल तर तिचे बी कुजते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहमध्ये उन्हाळ्यातही रात्री गारठा असतो. तेथे दक्षिणेकडे तोंड, मागे जाड मातीची भिंत व पुढे प्लास्टिकचे आच्छादन अशा हरितगृहात ती उन्हाळ्यात येते. दिवसा तापलेली भिंत रात्री ऊब परत देते. इंधनाला पैसा लागत नाही. उलट, सखल प्रदेशातील भेंडी घाट ओलांडून येईतो महाग होते आणि सुकतेही.

मात्र हिवाळ्यातही भेंडीच हवी, असा हट्ट धरल्यास शेगडी पेटवावी लागेल आणि स्मिथ खरा ठरेल. त्या दिवसांत त्याच छपराखाली पालक घ्यावा. सरकारी अनुदान भिंतीला आणि फाटलेले आच्छादन बदलण्याला द्यावे. इंधनाला एक पैसाही देऊ नये.