नकाराचं पाकीट

परवा एका लग्नात मावशीने नव्या व्याह्यांशी ओळख करून दिली, "हा आमचा होतकरू लेखक." मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. गुडघा दुखतो म्हणून त्या वेळी खुर्ची शोधत होतो. पण माझ्या नावावर दिवाळी अंकांतल्या सहा कथा आहेत, पुस्तक एकही नाही. त्यामुळे मावशीचं चुकलं असंही म्हणता येईना. मराठीत होतकरू राहायला वयाची अट नाही.

होतकरू लेखकाचं वर्ष शाळेसारखं जूनमध्ये सुरू होतं. दिवाळी अंकांची आवाहनं येऊ लागतात आणि ऑगस्टपर्यंत साहित्य पाठवायचं असतं. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. आपण पावसाळ्यात लिहायचं आणि चकलीसोबत छापून यायचं, हे तेव्हापासून चालत आलं आहे.

तयारी मात्र बारमाही असते. पहाटे पाचचा गजर, शाईचं पेन, दोनशे पानी वही. पहिल्या पानावर तारीख आणि मोत्यासारखं अक्षर, चौथ्या पानावर वाण्याची यादी आणि गॅसचा नंबर. अशा अकरा वह्या घरात आहेत. "रद्दीवाला कोऱ्या पानांचा जास्त भाव देत नाही," असं बायको दरवर्षी आठवणीने सांगते.

खरं लिहून होतं ते भलतीकडेच. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून, फोनवर, एका अंगठ्याने. मग ते घरी टाइप करायचं. आवाहनात 'युनिकोड चालेल' असं असलं तर आमची तिथेच दिवाळी. नाहीतर फाँट बदलताना अक्षरं वाटेत गळतात. माझा एक नायक दऱ्याखोऱ्यांत हिंडत होता. छापून आला तेव्हा तो चौकटी-चौकटींत हिंडताना दिसला.

पण हे सगळं सोसवतं. सोसवत नाही ते कथा पाठवल्यानंतरचं.

पहिली कथा मी १९९६ साली पोस्टाने पाठवली. स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकिटं लावलेलं पाकीट सोबत जोडायचं, अशी तेव्हाची रीत होती. कथा घेतली तर पोस्टकार्ड यायचं. नाकारली तर आपल्याच अक्षरातलं जाड पाकीट आपल्याच दारात. पोस्टमन येऊन गेला की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "जाड की पातळ?" बहुतेकदा जाडच. आत छापील चिठ्ठी असायची, 'साभार परत'. एकदा मात्र शेवटच्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हे पान नको. कथा आधीच संपली आहे.' दोन दिवस मी त्या माणसाचा राग राग केला. तिसऱ्या दिवशी पान काढून टाकलं.

'सत्यकथे'चे संपादक राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, पुन्हा लिहायला लावत. ते मासिक १९८२ साली, मी शाळेत जायच्या आत बंद पडलं. तसली पत्रं माझ्या वाट्याला येणं शक्यच नव्हतं. मला ती एक पेन्सिलीची ओळ आली आणि ती पुरली.

आता ईमेल जाते आणि उत्तर येत नाही. होकार नाही, नकारही नाही. दिवाळीच्या तोंडावर स्टॉलवर उभ्याउभ्या अनुक्रमणिका चाळायची आणि आपलं नाव नाही हे स्वतःच शोधून काढायचं. विक्रेता विचारतो, "घेणार का?" संपादकांची अडचण मला कळते. अनेक अंक एकदोन माणसं काढतात, जाहिरातीही तीच गोळा करतात. पण 'अन्यत्र पाठवलेले नसावे' या अटीमुळे माझी कथा तिथे अडकून पडते. दुसरीकडे पाठवता येत नाही आणि पुन्हा उघडून पाहायचीही हिंमत होत नाही, कारण न जाणो, त्यांना आवडली असेल! नकार आला असता तर कथा निदान घरी आली असती.

म्हणून दोन वर्षांपासून मी एक नियम केला आहे. तुळशीचं लग्न लागलं की ज्या कथेचं उत्तर आलं नाही तिला मीच नकार द्यायचा. अकरा वह्यांतलं एक कोरं पान फाडायचं, त्यावर लिहायचं 'साभार परत', खाली तारीख आणि एक कारण. कारण लिहिल्याशिवाय सही करायची नाही. पहिल्या चिठ्ठीला कारण शोधायला दीड तास लागला, कारण दीड तास मी संपादकांचीच कारणं शोधत होतो. शेवटी लिहिलं, 'पहिली दोन पानं लेखक घसा खाकरतो आहे.' ती दोन पानं गेली. कथा या जूनमध्ये पुन्हा पाठवली आहे.

आता वाट पाहतो आहे. कोऱ्या पानांची कमतरता नाही, त्यामुळे माझं निभेल. पण आज अठराव्या वर्षी पहिली कथा पाठवणाऱ्या मुलीकडे हा नियम नसेल. तिच्या वतीने संपादकांना एक विनंती. छापू नका, हरकत नाही. पण 'साभार परत' हे दोन शब्द तेवढे कळवा. आता तर पाकीटही लागत नाही.