मधली अंधारी खोली

दिवाळीच्या दिवसांत अंधाराचा विषय काढतो म्हणून वाचकांनी रागावू नये. अंधार माझ्या पदरचा नाही. युरोपच्या इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांतला आहे. ही पुस्तके म्हणजे तीन खोल्यांचे बिऱ्हाड. पहिल्या खोलीत ग्रीक आणि रोमन मंडळी मोठ्या तोऱ्यात बसलेली. तिसरीत छापखाना, दुर्बीण, आगगाडी असा लखलखाट. आणि मधली खोली अंधारी! ४७६ साली पश्चिमेकडचा शेवटचा रोमन बादशहा पदच्युत झाला की दिवा मालवायचा, आणि १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतले की पुन्हा लावायचा.

पण आपण 'मध्ययुगात' राहतो आहोत, हे त्या खोलीतल्या माणसांना कुठे ठाऊक होते? कॉन्स्टँटिनोपलचे लोक तर अखेरपर्यंत स्वतःला रोमनच म्हणवीत होते. अंधाराची कल्पना चौदाव्या शतकातल्या पेत्रार्क या इटालियन कवीची. जुन्या रोमवर त्याचे एवढे प्रेम, की त्यानंतरचे सारे त्याला काळोखच वाटले. मागून आलेल्या पंडितांना ही कल्पना फार आवडली. आवडणारच, पहाट त्यांच्याच दारात उगवत होती ना! सतराव्या शतकाच्या अखेरीस सेलारिउस या जर्मन विद्वानाने तिन्ही भागांवर क्रमिक पुस्तके लिहिली आणि भिंती पक्क्या झाल्या. 'रेनेसान्स' हे युगाचे नाव रूढ झाले ते तर एकोणिसाव्या शतकात, मिशले आणि बुर्कहार्ट यांच्या ग्रंथांमुळे. (आपल्याकडे अशीच कापाकापी जेम्स मिलने १८१७ साली केली. पहिल्या दोन तुकड्यांना धर्माची नावे, तिसरा मात्र ब्रिटिश!)

बरे, अंधाऱ्या खोलीत होते काय? बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्डची विद्यापीठे तिथलीच. आपण नाकावर चढवून हा मजकूर वाचत असाल तो चष्माही तिथलाच, तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत निघालेला.

आणि उजेडाच्या खोलीत? चेटकीण ठरवून बायका जाळणे हा मध्ययुगीन प्रकार, असे चांगली शिकलेली माणसेही बोलून जातात. वस्तुतः त्या खटल्यांना ऐन बहर आला तो साधारण १५६० ते १६५० या काळात. म्हणजे दुर्बिणीच्या जमान्यात!

ग्रहांच्या गतीचे नियम शोधणारा केप्लर आपल्याला ठाऊक असतो. त्याची आई कातरिना ठाऊक नसते. नवरा केव्हाच परागंदा झालेला, म्हातारी जडीबुटीचे औषध जाणणारी, जिभेची जरा तिखट. १६१५ साली एका बाईने आळ घेतला की हिने दिलेले पेय पिऊन मी आजारी पडले. गावात कुजबुज वाढत गेली. १६१९ साली मुलाचा तिसरा नियम ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि १६२० साली आईला अटक झाली. सत्तरी उलटलेली ती बाई चौदा महिने कैदेत, साखळदंडात होती. छळाची हत्यारे समोर मांडून तिला कबुलीजबाब विचारला. ती बधली नाही. केप्लर आपले काम टाकून आला, तिच्या बचावाचे कागद त्याने स्वतः तयार केले आणि १६२१ च्या शरदात तिला सोडवले. पुढच्या उन्हाळ्याआधीच ती वारली.

आता हे कुटुंब कोणत्या खोलीत ठेवायचे? मुलगा अर्वाचीन आणि आई मध्ययुगीन?

बायकांच्या वाट्याला रेनेसान्स आला होता का, असा रोकडा सवाल अमेरिकेतील जोन केली या विदुषीने १९७७ साली केला आणि 'नाही' असे स्वतःच उत्तर दिले. फ्रान्सचा जाक ल गॉफ हा तर आयुष्यभर मध्ययुगाचाच अभ्यासक. २०१४ साली, म्हणजे मृत्यूच्याच वर्षी, निघालेल्या पुस्तकात त्याने मधली भिंत सरकवत थेट अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत नेली. मला ते पटते.

नववीतल्या माझ्या पुतणीने हे सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मग काका, पेपरात काय लिहू?"

"१४५३च लिही," मी म्हटले. "तुमचे पेपर ल गॉफ तपासत नाहीत."